सड्यावरची गौर

सुनावणीत कंपनीच्या वकिलानं मला पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, तुम्ही गौरी-गणपती करता का?"

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. झाडांची मुळं आणि बुरशी यांचं एकमेकांशी काय चालतं, हे शोधण्यात माझी अर्धी हयात गेली. नांदघळच्या सड्यावर काय झालं ते सांगायला मला तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. आणि हा गृहस्थ मला सण विचारत होता!

"करते," मी म्हटलं. "तुमच्याकडे नसतात का?"

शाळेच्या बाकांवर दाटीवाटीनं बसलेल्या बायका हसल्या. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर, बोललेलं आपोआप लिहून घेणारं यंत्र होतं. हशा झाला की त्याच्या पडद्यावर 'गोंधळ' असा शब्द उमटायचा. नांदघळच्या बायका हसल्या काय, रडल्या काय, सरकारी यंत्राला तो गोंधळच.

वकिलानं पहिल्या बाकाकडे बोट दाखवलं. तिथे माझी वहिनी बसली होती, माझ्या थोरल्या भावाची बायको, दर्शना. "तुम्ही आणि या बाई, आमच्या कुंपणालगतची रोपं मुळासकट उपटून गावात न्यायचात. खरं?"

"खरं."

"मातीसकट?"

"मुळाला माती असतेच हो. मुळं काय धुऊन, इस्त्री करून उगवतात?"

पुन्हा 'गोंधळ'. मला मात्र हसू येत नव्हतं. गडी कुठे चाललाय ते मला कळलं होतं, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली होती.

आता हे नीट सांगते. ज्यांनी कोकणातला सडा पाहिला नाही त्यांनी डोळ्यांसमोर एवढंच आणावं: डोंगराच्या माथ्यावर मैलभर पसरलेला सपाट, उघडा जांभा दगड. उन्हाळ्यात पाय ठेवला तर चटका बसतो. पावसाळ्यात घोटाभर पाणी. माती असलीच तर भेगांत आणि खळग्यांत, चिमूट-चिमूट. पण त्या चिमुटीवर श्रावण-भाद्रपदात अशी फुलं येतात की बघत राहावं. सरकारदरबारी याचं नाव काय? पडीक जमीन! अहो, त्याच पडीक जमिनीवर पडलेला पाऊस जांभ्यातून झिरपत झिरपत खाली यायचा आणि आमच्या वाडीच्या विहिरीत उतरायचा. आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. माझ्या आजीनं, आईनं आणि वहिनीनं ती बाव भर वैशाखात सुद्धा आटलेली पाहिली नव्हती.

मग 'हरितसेतू' नावाची कंपनी आली. जगात कुणीतरी विमानं उडवणार, कारखाने चालवणार, त्या धुराची भरपाई म्हणून कंपनी आमच्या सड्यावर झाडं लावणार आणि त्या झाडांनी शोषलेला कार्बन तिकडे विकणार. पाप त्यांचं, प्रायश्चित्त आमच्या कातळावर. सड्यावर झाडं लावायचे प्रयत्न आधीही झाले होते आणि सगळी मेली होती. मरणारच. झाड एकटं जगत नाही, हे लोकांच्या ध्यानातच येत नाही.

मुळं कितीही बारीक असली तरी कातळाच्या केसाएवढ्या भेगेत त्यांना शिरता येत नाही. बुरशीच्या धाग्याला येतं. तो धागा एका टोकाला झाडाच्या मुळाला बिलगलेला असतो. दुसऱ्या टोकाला तो आम्ल सोडून दगड विरघळवतो, त्यातलं स्फुरद काढतो, भेगेत अडकलेलं पाणी ओढतो आणि झाडाला पोचवतो. बदल्यात झाड त्याला साखर देतं. दोघांचा संसार आहे तो. परदेशी झाड नव्या मुलखात नेलं की बहुतेकदा तग धरत नाही, कारण त्याची बुरशी मागे राहिलेली असते. पृथ्वीच्या दक्षिणेकडच्या काही देशांत पाइनची झाडं काही केल्या रुजत नव्हती. त्यांच्या मूळ जागेची माती, म्हणजेच त्यांची बुरशी, तिथे पोचली आणि मग ती झाडं कुणाला आवरेनात. डोंगरच्या डोंगर गिळले त्यांनी.

हरितसेतूनं हेच केलं, फक्त मुद्दाम आणि अधिक हुशारीनं. एक परदेशी बाभूळ निवडली आणि तिला जोडीदार म्हणून प्रयोगशाळेत एक बुरशी घडवली. तिचं नाव ठेवलं 'सखी'. नाव ठेवायला मात्र यांना आमचीच भाषा लागते! प्रत्येक रोपाच्या मुळाशी सखीची एक गोळी. सड्यावर झाडं सटासट वाढली.

आणि ही झाडं गावात पसरली तर? कंपनीकडे उत्तर तयार होतं. बी कुठेही पडू दे, सखी नसेल तर रोप पिवळं पडून मरणार. आणि सखी कुठे जाऊ शकत नाही, कारण तिच्यातून बीजाणू तयार होण्याची सोयच काढून टाकली आहे. ती वाऱ्यावर उडत नाही, पाखरांच्या पिसांना चिकटत नाही, पावसाच्या पाण्यातून फार दूर जात नाही. त्यांचे प्रयोग मी वाचले आहेत. चोख आहेत, उगाच खोटं बोलणार नाही. पण मुळांभोवतीच्या मातीच्या ढेकळात या बुरशीचा तुटका धागा चांगला महिना-दोन महिने जिवंत राहतो. ते ढेकूळ कुणी हातानं उचलून नेईल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. एक भाद्रपद आमच्या वाडीत येऊन राहिले असते तर आलं असतं.

कारण आमच्याकडे गौर म्हणजे तेरडा. मुखवटा वगैरे नंतर. आधी सवाष्णी आणि पोरी सड्यावर जातात, तेरड्याची रोपं मुळासकट उपटतात. ती मुळं म्हणजे गौरीचे पाय. मुळं तुटली तर रोप बाजूला टाकायचं, दुसरं घ्यायचं. त्या पायांनी गौर घरात येते, माहेरपण करून घेते आणि पऱ्यात, म्हणजे आमच्या ओढ्यात, तिचं विसर्जन होतं. मुळांची माती जिथे सुटते त्या विसर्जनाच्या जागची ओंजळभर वाळू-माती बायका परत आणतात आणि घरावर, गोठ्यात, शेताच्या बांधावर, काजूच्या बुंध्यात, बावीच्या काठावर टाकतात. भरभराट व्हावी, कीड लागू नये म्हणून.

कंपनीच्या झाडांखाली तेरडा उगवेनासा झाला. उरला तो फक्त कुंपणाच्या कडेला, जिथे बाभळीची मुळं आणि सखी आधीच पोचली होती. बायका तिथून आणू लागल्या. दुसरीकडे होताच कुठे?

चारेक गौरी अशा झाल्यावर वहिनीचा फोन आला. "मृणाल, बावीच्या चिऱ्यातून कंपनीचं झाड आलंय गो."

"उपटून टाक. मरतं ते."

"उपटलं तर बाजूला दुसरं येतं. बांधावर आलंय, गोठ्यामागं आलंय. आधी यायचं नि वाळून जायचं. आता वाळत नाय."

मी गेले, माती तपासली. बावीच्या काठावर सखी, बांधावर सखी, काजूच्या बागेत सखी. वर सड्यावर चार लाख बाभळी पाणी ओढत होत्या आणि खाली पसरलेल्या त्यांच्या पोरी उरलंसुरलं पीत होत्या. त्या वर्षी होळीलाच बावीचा तळ दिसला. वाडीत टँकर आला. नांदघळला टँकर! वहिनी हंडा घेऊन रांगेत उभी राहिली तेव्हा तिला लाज वाटली, असं तिनं मला सांगितलं. लाज तिला वाटली, बघा.

बुरशी कशी खाली आली ते मी तिला समजावलं. तिनं आपले दोन्ही तळहात उलटून पाहिले. मग म्हणाली, "म्हणजे आम्हीच आणली? ओंजळीनं?"

तिचा चेहरा बघवेना. "तू गौर आणलीस वहिनी," मी म्हटलं. "तिच्या पायाशी घाण त्यांनी ठेवली."

आता पुन्हा त्या सुनावणीत येते. वकील अधिकाऱ्यांना म्हणाला, "सखी स्वतःहून कुठेही गेलेली नाही. तिला नेण्यात आलं. तरीही माझे अशील उदार आहेत." मग त्यानं औदार्य उलगडून दाखवलं. गावातल्या जमिनीत कंपनी स्वखर्चानं औषध ओतेल, त्यानं सखी मरेल. बाव भरेपर्यंत टँकर देईल. बदल्यात बायकांनी चूक कबूल करायची, आणि सड्यावरची झाडं तशीच राहतील.

"ते औषध फक्त सखीला मारत नाही," मी उठून म्हणाले. "मातीतली प्रत्येक बुरशी मारतं. आंबा, काजू, नाचणी, सगळ्यांच्या मुळांशी त्यांची त्यांची बुरशी आहे, पिढ्यानपिढ्यांची. ती मारून तुम्ही आमच्या बागा उपाशी ठेवणार? उपाय एकच आहे. बाभळी उपटा, खालच्या आणि वरच्याही. झाड नसेल तर सखीला साखर कोण देणार? दोन-तीन वर्षांत उपासमारीनं मरेल, आणि बावीला पाणी येईल."

"चार लाख झाडं? मॅडम, तुम्ही पर्यावरणवादी ना?"

"आहे. म्हणूनच सांगते."

अधिकाऱ्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि आदेश नंतर देतो म्हणाले.

त्या वेळी माझा दादा कंपनीच्या बाजूच्या बाकावर बसला होता. संकेत रहाटे, सुपरवायझर, हिरवा शर्ट, छातीवर कंपनीचं चिन्ह. त्याला लबाड म्हणता यायचं नाही. ती झाडं त्यानं पोरांसारखी वाढवली होती, पहिल्या उन्हाळ्यात खांद्यावरून पाणी वाहून. दुपारी घरी जेवायला बसलो तेव्हा तो माझ्या ताटाकडे न बघता म्हणाला, "मृणे, तुझं काय जातं? तू उद्या कोल्हापूरला जाशील. इथं वाडीतली निम्मी पोरं त्या झाडांवर जेवतायत."

"आणि पाणी कुठल्या झाडावर पितायत?" वहिनी आतून म्हणाली.

"टँकर देतायत ना!"

"जन्मभर देणार? लिहून घेतलंत?"

दादा ताटावरून उठला. आमच्या घरात भरल्या ताटावरून कुणी उठलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यानंतर ते दोघं एकमेकांशी फक्त कामापुरतं बोलत.

गणपती बसले आणि अंतरिम आदेश आला. वाचून माझं डोकं फिरलं. सड्यावरच्या झाडांबद्दल एक अक्षर नाही. बावीबद्दल नाही. काय होतं? तर अंतिम निकाल लागेपर्यंत सड्यावरून कोणतीही वनस्पती मुळांसह किंवा मातीसह खाली नेण्यास बंदी. तेरडा न्यायचा असेल तर कुंपणाच्या फाटकापाशी, कंपनीच्या माणसासमोर, मुळं छाटून न्यावा.

संध्याकाळी बायका आमच्या पडवीत जमल्या. मी आदेश वाचून दाखवला. वहिनी दाराला टेकून उभी होती. ती ओरडली नाही, रडली नाही. फक्त म्हणाली, "लेकीचे पाय तोडून तिला माहेरी आणू?"

"आणायची नाय तशी," शेजारच्या प्रणालीनं ठणकावलं. "मुळासकट आणायची. बघू कोण अडवतंय!"

सगळ्यांनी माना हलवल्या. आणि मला तोंड उघडावं लागलं. "बायांनो, आदेश मूर्खपणाचा आहे. पण माती खाली आणली तर सखी आणखी पसरणार, हेही खरं आहे."

"म्हणजे तूही त्यांच्यातलीच?" प्रणाली म्हणाली.

विज्ञान माझं, गौर माझी, आणि दोघांना एकमेकांसमोर उभं केलं होतं त्या कंपनीनं. वर स्वतः नामानिराळी! मला इतका संताप आला की हातातला कागद मी चुरगळून अंगणात भिरकावला. वहिनीनं तो उचलला, गुडघ्यावर सरळ केला आणि पुन्हा एकदा वाचला, अगदी शब्दावर बोट ठेवून. मग म्हणाली, "उद्या सगळ्यांनी वर या. हळदीकुंकू, ओटीचं सामान, नैवेद्य, सगळं घेऊन या."

दुसऱ्या दिवशी आम्ही सडा चढलो. फाटकापाशी एक महिला पोलीस होती, कंपनीचा शौनक नावाचा तरुण मॅनेजर होता, आणि कोयता हातात घेऊन दादा. मुळं छाटायला त्यालाच उभं केलं होतं. गावच्या माणसानं छाटली तर बायका बोलणार नाहीत, असा कुणाचा तरी हिशेब असणार. डोकं बघा काय चालतं यांचं!

वहिनीनं कुंपणाच्या कडेचा एक तेरडा दोन्ही हातांनी अलगद उपटला. गुलाबी फुलांचा, लांब मुळांचा. रांगेत सर्वांत पुढे जाऊन तिनं तो दादासमोर धरला.

"तोडा," ती म्हणाली.

दादा कोयत्याची मूठ चोळत राहिला.

"तोडा ना. सासूबाईंनी जन्मभर ह्याच पायांवर हळदकुंकू वाहिलंय. तुमच्या हातानं तोडा."

"दर्शना, नोकरी आहे माझी," दादा अगदी हळू म्हणाला.

"ठाऊक आहे. मी तुमच्यावर रागावलेली नाय. तुम्ही तोडा, मी ही इथंच ठेवते आणि खाली जाते. परत मात्र मला गौर आण म्हणून सांगू नका."

मॅनेजर म्हणाला, "रहाटे, लवकर करा, रांग आहे."

दादानं मुळं डाव्या हातात घेतली. कोयता उचलला, आणि तसाच खाली घेतला. त्यानं रोप वहिनीच्या हातात परत दिलं, वळला, आणि फाटकाच्या आतल्या पहिल्याच बाभळीवर कोयत्याचा घाव घातला. मग दुसरा. मग आंधळ्यासारखा घावावर घाव.

"रहाटे!" मॅनेजर किंचाळला.

मी पुढे धावले. मला दादाला थांबवायचं होतं, पण तोंडून निघालं ते भलतंच. "दादा, तोडून काही होणार नाही! बुंध्यातून पुन्हा फुटतं हे. मुळासकट निघालं पाहिजे."

दादा धापा टाकत थांबला. "मग आधी सांगायचं ना, मास्तरीण!"

कित्येक महिन्यांनी तो माझ्याशी असा बोलला.

कातळावर मुळं खोल जात नाहीत, चटईसारखी पसरतात. बुंध्याला दोर बांधून दहा-बारा जणींनी ओढलं तर झाड उलटतं. प्रणाली म्हणाली, "बावीचा दोर आहे की! तसाही रिकामाच लोंबतोय." तिची पोरगी पळत खाली गेली आणि दोर घेऊन आली.

झाड आडवं झालं तेव्हा खाली कातळ उघडा पडला, भेगांत पांढरट धाग्यांचं जाळं दिसत होतं. तीच ती सखी, उन्हात पडलेली. खळग्यात ओंजळभर माती उरली होती. वहिनीनं तिथे तेरडा लावला, माती लोटली, मुळांशी हळदकुंकू वाहिलं, ओटी भरली. "यंदा गौर खाली यायची नाय," ती सगळ्यांना म्हणाली. "खाली तिला पाजायला पाणी नाय. पाणी आलं की नेऊ, तिच्या पायांनी."

मॅनेजर आदेशाचा कागद नाचवत होता. "हा भंग आहे! आदेशाचा सरळ भंग आहे!"

"वाचा बरं नीट," मी म्हटलं. "मुळासकट खाली न्यायला बंदी आहे. आम्ही खाली काय नेतोय? उपटून इथंच ठेवतोय."

महिला पोलीस जवळ आली. वाईट बाई नव्हती ती, पण तिचंही बरोबर होतं. "ताई, झाडं कंपनीची आहेत. नुकसानीचा गुन्हा लागेल. मला नावं घ्यावी लागतील."

"घ्या ना," वहिनी म्हणाली. "दर्शना संकेत रहाटे."

"संकेत रहाटे," दादा म्हणाला. त्यानं हिरवा शर्ट काढून फाटकावर टाकला होता आणि बनियनवर दुसऱ्या बाभळीच्या बुंध्याला गाठ मारत होता.

मी माझं नाव सांगितलं, हुद्द्यासकट. प्रणालीनं सांगितलं. मग एवढ्या जणी एकदम नावं सांगू लागल्या की बिचारीला लिहिता येईना.

शौनकचा आवाज आता रडवेला झाला होता. "अहो, चार लाख झाडं आहेत! किती उपटणार तुम्ही?"

वहिनीनं पदर खोचला, दोराचं टोक तळहाताभोवती गुंडाळलं आणि पाय कातळावर रोवले.

"ते मागाहून मोजू," ती म्हणाली. "आधी बाजूला सरका साहेब, झाड अंगावर येईल."

तो सरकला.